वादळ वरून दिसतं, पण खाली मोजायचं कोणी?

अरबी समुद्रात काही शिजायला लागलं की नाशकात दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते एवढे सॅटेलाइट वर सोडलेत, कोट्यवधी रुपये घातलेत, आणि आमच्या दिंडोरीत उद्या पाऊस आहे का नाही एवढं साधं सांगता येत नाही, त्यापेक्षा तो पैसा तालुक्याला द्या. दुसरी पार्टी मोबाइलवर ढगांचं फिरतं चित्र नाचवत म्हणते, अहो आता सगळं लाइव्ह दिसतंय, वादळ कुठंय ते शेंबडं पोरगं पण सांगेल, मग ती रडारं, ती हवामान केंद्रं, समुद्रातली ती यंत्रं हवीत कशाला. दोघं एकमेकांवर तुटून पडतात आणि गंमत म्हणजे दोघांनी धरून चाललेली गोष्ट एकच आहे, की सॅटेलाइट अंदाज सांगतो. तो काही सांगतबिंगत नाही. तो वरून ढग बघतो, ढगाच्या माथ्याचं तापमान घेतो, आणि पुढचं सगळं खाली बसलेली माणसं आणि कॉम्प्युटर करतात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: चक्रीवादळाच्या अभ्यासाला सॅटेलाइटशिवाय गत्यंतर नाही, आपले स्वतःचे हवेत आणि आहेत त्यापेक्षा जास्त हवेत, पण त्यांच्यावरून काढलेला वाऱ्याचा आकडा हा बहुतेक वेळा मोजलेला नसतो, लावलेला असतो, आणि तो ताडून बघायला ढगाखाली आपण जवळजवळ काही ठेवलेलंच नाही. भांडायचं तर यावर भांडू.

पहिल्या पार्टीचं दुखणं खरं आहे, ते आधी मान्य करू. नोव्हेंबर २००९ ला फयान आलं, ते अलिबाग-मुंबईच्या बाजूला किनाऱ्याला लागलं. डिसेंबर २०१७ चं ओखी गुजरातकडे जाता जाता विरलं. ऑक्टोबर २०१९ चं क्यार तर पार सुपर सायक्लोन होऊन भर समुद्रातून ओमानच्या दिशेनं निघून गेलं, त्याच्या पाठोपाठ महा आलं. पण आपल्याकडे पाऊस प्रत्येक वेळी झालाच, आणि २०१९ ला तर असा की द्राक्षबागेत पाय ठेवला की चिखल आणि सडका वास. ऑक्टोबर छाटणी झालेली, घड फुलोऱ्यात, त्यात असा दोन-तीन दिवस पाऊस राहिला की डाऊनी, म्हणजे केवडा रोग, आणि घडकूज ठरलेली, आणि सटाणा-देवळ्याकडच्या अर्लीवाल्यांचे, म्हणजे लवकर छाटणी घेणाऱ्यांचे, तर मण्यात पाणी भरलेलं असताना पाऊस आला की मणी तडकतात, माल कवडीमोल. अशा माणसाला समुद्रातल्या वादळाचा सुंदर गोल फोटो दाखवून काय उपयोग? त्याला पाहिजे असतं एवढंच, की फवारणी आज संध्याकाळी घेऊ का उद्या सकाळी, आणि घेतली तर ती धुवून जाईल का. एका फवारणीचा खर्च ज्यानं केलाय त्याला हा प्रश्न किती मोठा आहे ते सांगायला नको.

पण इथंच गफलत होते. क्यार सॅटेलाइटला दिसलं नव्हतं का? दिसलं होतं की, डोळ्यासकट, दिवसरात्र. जो प्रश्न सॅटेलाइटला विचारायचा तो वेगळा आणि बागायतदाराचा प्रश्न वेगळा. वादळ शेकडो किलोमीटर रुंद असतं, समुद्रापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर आत, घाटाच्या वर बसलेल्या नाशिकला त्याचा घेर लागतो, कधी त्यानं ओढून आणलेली वाफ आणि वरून येणारे पश्चिमी वारे यांची गाठ पडते, आणि मग पाऊस निफाडला पडतो आणि सिन्नरला नाही. आपल्या इन्सॅट या हवामान सॅटेलाइटच्या इन्फ्रारेड चित्रातला एक ठिपका साधारण चार किलोमीटरचा असतो. त्यातही त्याला दिसतो तो ढगाचा थंड माथा, आणि थंड माथा म्हणजे खाली पाऊस पडतोयच असं नाही. म्हणजे बागेतल्या पावसासाठी सॅटेलाइटला शिव्या घालणं म्हणजे चुकीच्या दारात भांडण. ते दार रडारचं आहे. मुंबईचं रडार आपल्यापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये सह्याद्री आडवा, आणि पृथ्वीच्या वळणामुळे त्याचा खालचा बीमसुद्धा नाशिकवर पोचेपर्यंत दोन-अडीच किलोमीटर उंच गेलेला असतो, त्याच्याखाली काय चाललंय ते त्याला दिसणार कसं? ही तक्रार करा, जोरात करा, मी तुमच्या बाजूनं आहे.

आता सॅटेलाइट नव्हते तेव्हा काय होतं ते बघा, कारण "त्याच्या आधी पण जग चाललंच होतं की" असं म्हणणारे फार आहेत. चाललं होतं, पण कसं? ऑक्टोबर १८६४ ला कलकत्त्यावर वादळ आलं आणि शहर, बंदर, जहाजं सगळं धुवून गेलं, हजारो माणसं गेली. ते वादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ यातूनच १८७५ साली आपलं हवामान खातं उभं राहिलं. तेव्हापासून पुढची जवळजवळ शंभर वर्षं समुद्रातल्या वादळाची खबर यायची ती एखादं जहाज त्यात सापडलं तर, आणि शहाणं जहाज तर वादळापासून लांबच पळणार, म्हणजे जिथं माहिती सगळ्यात जास्त हवी तिथंच ती नाही. १९०० साली अमेरिकेच्या गॅल्व्हेस्टन शहरात एका रात्रीत आठ हजाराच्या वर माणसं मेली. क्युबातले हवामानतज्ज्ञ, जे वर्षानुवर्षं आकाशातल्या पिंजलेल्या ढगांवरून वादळाची दिशा ताडत आले होते, ते सांगत होते की हे मेक्सिकोच्या आखातात शिरणार, पण अमेरिकेच्या हवामान खात्यानं त्यांना हिंग लावून विचारलं नाही. वाद मिटवायला वरून घेतलेला एक फोटो पुरला असता. तो यायला एप्रिल १९६० उजाडावं लागलं, टायरॉस-१ वर गेला आणि काही दिवसांतच दक्षिण पॅसिफिकमधलं एक फिरणारं वादळ त्याच्या चित्रात सापडलं, ज्याची खाली कोणाला खबर नव्हती.

यावर विरोधकांचा सगळ्यात तगडा मुद्दा येतो, आणि तो टाळून चालणार नाही. नोव्हेंबर १९७० ला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात भोला वादळ आलं. अमेरिकेच्या सॅटेलाइटनं त्याचे फोटो घेतलेले होते. वादळ दिसत होतं. तरी तीन लाखाच्या वर माणसं मेली, कारण बेटांवरच्या लोकांपर्यंत धड इशारा पोचला नाही आणि पोचला असता तरी जायचं कुठं हा प्रश्न होताच. उलट ओडिशाचं बघा, १९९९ च्या सुपर सायक्लोनमध्ये दहा हजाराच्या आसपास माणसं गेली, आणि २०१३ ला फायलिन आलं तेव्हा मृत्यू दोन आकड्यांत राहिले. मधल्या काळात काय झालं? निवारे बांधले, रस्ते झाले, गावोगाव माणसं तयार केली. मग श्रेय सिमेंटला द्यायचं का सॅटेलाइटला?

मी म्हणतो सिमेंटला द्या, बिनधास्त द्या. पण पुढचा प्रश्न विचारा. फायलिनच्या वेळी दहा लाखांच्या आसपास माणसं हलवली, ती काय दोन तासात हलली? म्हातारीकोतारी, गुरं, बिऱ्हाडं, "मी घर सोडणार नाही" म्हणणारे हट्टी आजोबा, हे सगळं करायला दीड-दोन दिवस लागतात आणि ते दोन दिवस कुठून येतात? वादळ गोपाळपूरजवळ लागणार का वर पारादीपला का आंध्रात, हे आधी कळलं म्हणून येतात. चोवीस तास आधी सांगितलेल्या ठिकाणात आपल्याकडे वीसेक वर्षांपूर्वी सरासरी दीडशे किलोमीटरच्या आसपास चूक व्हायची, ती आता शंभराच्या आत आली आहे. दीडशे किलोमीटर चूक म्हणजे अख्खा किनारा हलवा. आणि अख्खा किनारा चार वेळा उगाच हलवला की पाचव्या वेळी कोणी हलत नाही. निवारा आणि सॅटेलाइट यांना एकमेकांसमोर उभं करणारा वाद मला म्हणूनच पटत नाही.

हे झालं वादळ कुठं जाणार याचं. त्याचा जोर किती, ही भानगड वेगळी, आणि दुसऱ्या पार्टीनं इथं जरा नीट ऐकावं. टीव्हीवर "ताशी १२० किलोमीटर वेगाचे वारे" असं आलं की आपल्याला वाटतं कोणीतरी तिथं यंत्र धरून उभं होतं. भर समुद्रात कोण उभं राहणार? तो आकडा येतो तो मुख्यतः ड्वोराक पद्धतीतून. व्हर्नन ड्वोराक नावाच्या अमेरिकन हवामानतज्ज्ञानं १९७० च्या दशकात ती बसवली. ढगांचा पट्टा केंद्राभोवती किती गुंडाळलाय, डोळा उघडलाय का, डोळ्यातलं तापमान आणि भोवतीच्या ढगांच्या माथ्याचं तापमान यात फरक किती, हे बघून वादळाला एक ते आठ असा टी नंबर द्यायचा, अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीनं, आणि मग तक्त्यात बघायचं की या नंबरला वारा किती. १९९९ च्या वादळाचे ते ताशी २६० किलोमीटर सगळ्यांच्या तोंडी आहेत ना, ते टी ७ वरून आलेत.

गोदेला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुती बघतो. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, विषय संपला, कारण मारुती स्वतः पाण्यात उभा आहे. आता समजा मारुती नाहीच, आणि पांडवलेणीवर उभं राहून लांबून दिसणाऱ्या गढूळ पाण्याच्या पसाऱ्यावरून पाणी किती फूट चढलं ते सांगायचंय. तीस वर्षं पूर बघितलेला माणूस बरंचसं बरोबर सांगेल. पण शेजारी उभा दुसरा अनुभवी माणूस दोन फूट वेगळं सांगेल आणि दोघांपैकी कोण खरं हे ठरवायला काही नसेल. ड्वोराक पद्धत ही अशी आहे, आणि मी तिची टिंगल करत नाहीये, पन्नास वर्षं जगभर ती टिकली याचा अर्थ ती जबरदस्त आहे. फायलिनच्या वेळी नेमकं हेच झालं. अमेरिकन नौदलाचं केंद्र २६० किलोमीटरच्या घरात सांगत होतं, आपलं खातं २१५ च्या आसपास थांबलं होतं आणि चॅनेलवाले विचारत होते की तुम्ही लपवताय का. थोडा फरक मोजायच्या पद्धतीचा, ते एका मिनिटाची सरासरी धरतात आणि आपण तीन मिनिटांची, पण सगळा फरक त्यात मावत नाही. चित्रं त्याच वादळाची, वाचणारे वेगळे. किनाऱ्यावर आल्यावर आपल्या खात्याचं म्हणणं जास्त बरोबर ठरलं. त्याबद्दल खात्याला शाबासकी कमीच मिळाली, ते असो.

आणि उलटंही होतं, जे जास्त भयंकर. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेक्सिकोच्या अकापुल्कोवर ओटिस आलं. सॅटेलाइटवरून बघता साधारण वादळ वाटत होतं, मॉडेलं पण फार काही म्हणत नव्हती. आदल्या दुपारी अमेरिकेचं विमान त्याच्या आत गेलं तेव्हा कळलं की हे तर कितीतरी जोरदार झालंय. मध्यरात्र उलटल्यावर ते सगळ्यात वरच्या, म्हणजे पाचव्या कॅटेगरीचं होऊन शहरावर आदळलं. विमान गेलं नसतं तर? लोकांच्या हातात होते ते थोडेसे तास पण गेले असते. वादळात विमान घालायचं काम अमेरिकन लोक १९४३ पासून करतायत, पहिल्यांदा तर एकानं पैजेवर घातलं होतं म्हणतात. पॅसिफिकच्या पश्चिम भागातली अशी नेहमीची उड्डाणं त्यांनी १९८७ ला बंद केली, कारण काय, तर सॅटेलाइट आहेत ना आता. आपल्या समुद्रात अशी नियमित उड्डाणं नाहीतच, नुसती चर्चा होते. म्हणजे "सॅटेलाइट आहे, बाकी कशाला" ही नाशकातली कट्ट्यावरची अक्कल आहे असं समजू नका, मोठ्या मोठ्या सरकारांनी हाच हिशोब केलेला आहे.

दुसऱ्या पार्टीतले जरा वाचलेले लोक यावर म्हणतील की अहो, नुसता ढगाचा माथा बघणारे सॅटेलाइट थोडेच आहेत. बरोबर आहे. इन्सॅट ३६,००० किलोमीटरवर एका जागी बसून बघतो. पण खालच्या कक्षेतून फिरणारे वेगळे आहेत, मायक्रोवेव्हनं ढगाच्या पोटात बघणारे, आणि स्कॅटरोमीटरवाले, जे समुद्राच्या पाण्यावरच्या बारीक लाटांवरून वारा काढतात, आधी आपले ओशनसॅट-२, स्कॅटसॅट-१ आणि फ्रान्सबरोबर केलेला मेघा-ट्रॉपिक्स होते, आता ओशनसॅट-३ आहे. उत्तम यंत्रं. पण ती दिवसातून थोड्याच वेळा वरून जातात, वादळ बरोबर पट्ट्यात सापडलं तर सापडलं, आणि जिथं पाऊस मुसळधार आणि वारा सगळ्यात जास्त, म्हणजे डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीत, तिथंच आपल्या स्कॅटरोमीटरचं वाचन पावसामुळे बिघडतं. शिवाय ते बरोबर वाचतंय हे कशावरून ठरवायचं? समुद्रात नांगरून ठेवलेल्या बोयांवरून, म्हणजे तरंगत्या मोजणी यंत्रांवरून. फिरून भोपळे चौकात.

एक तिसरा आवाज पण ऐकू येतो, हिशोबी माणसांचा. युरोपनं १९९८ पासून हिंदी महासागरावर आपला मेटिओसॅट आणून ठेवलाय, जपानचा हिमावरी पूर्वेकडून बघतो, चित्रं मिळतात, मग आपण आपले कशाला सोडायचे? मुद्दा फालतू नाही. पण १९९९ ला जपानचा हवामान सॅटेलाइट रॉकेटसकट गेला, जुना दमलेला, आणि २००३ ला जपानसारख्या देशाला अमेरिकेकडून गोज-९ उसना घ्यावा लागला. त्याच्या आधी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, खुद्द अमेरिकेकडे एकच धड उरला होता तर युरोपनं आपला मेटिओसॅट-३ त्यांच्या बाजूला सरकवून दिला. जगातले श्रीमंत देश असे अडले आहेत आणि एकमेकांच्या मदतीला धावलेही आहेत. पण ती मदत ज्याच्याकडे जास्तीचा होता त्याच्या मर्जीवर आली. आपण २०१३ ला इन्सॅट-३डी, २०१६ ला ३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ ला ३डीएस सोडला. दोन एकाच वेळी चालू असले की दर पंधरा मिनिटांनी चित्र मिळतं. झपाट्यानं जोर धरणाऱ्या वादळात पंधरा मिनिटं आणि तीन तास यात फरक काय ते ओखीत सापडलेल्या केरळ-तमिळनाडूच्या मच्छीमारांच्या घरच्यांना विचारा, एका दिवसात वादळ उभं राहिलं आणि माणसं आधीच समुद्रात होती.

अजून एका गोष्टीसाठी सॅटेलाइटचा हा वर्षानुवर्षांचा रेकॉर्ड लागतो जी आपल्याकडे कोणी बोलतच नाही. अरबी समुद्रात वादळं वाढली असं आता प्रत्येकजण म्हणतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ चा अभ्यास केला, त्यात २००१ नंतरच्या काळात अरबी समुद्रातली वादळं आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढलेली निघाली. १९८२ पासूनच का? कारण त्याच्या बऱ्याच आधीचं मोजाल तर भर समुद्रात जन्मून तिथंच मेलेली वादळं कोणी बघितलीच नव्हती, ती तुमच्या यादीत नसणार, आणि मग वाढ दिसेल ती वादळांची का बघणाऱ्या डोळ्यांची हे कळणार नाही. द्राक्षाची छाटणी पुढे-मागे करायची का, प्लास्टिक कव्हरवर पैसे घालायचे का, हे दहा-वीस वर्षांचे निर्णय या आकड्यांवर उभे राहणार आहेत.

आणि "अंदाज खोटा ठरला" या आवडत्या वाक्याबद्दल थोडं. ३ जून २०२० ला निसर्ग आलं. मुंबईच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला लागलं आणि दुपारनंतर लोक म्हणायला लागले, बघा, आलंच नाही. आलंच नाही कोणाकडे? श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, पिढ्यांच्या होत्या, मग ते घाट चढून पुणे-नगर-नाशिककडे आलं तेव्हा जोर ओसरलेला होता तरी पाऊस आणि वारा होताच. किनाऱ्यावर किती किलोमीटरचा वारा लागला याचे नक्की आकडे किती ठिकाणी मोजले गेले, हा प्रश्न मात्र त्या गडबडीत कोणी विचारला नाही. आपल्याला वादळ मुंबईला लागलं का नाही यात रस.

खरं तर हा प्रश्न विचारायला नाशिक जिल्ह्याइतकी लायक जागा दुसरी नाही. आपल्याकडे महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळानुसार बसली आहेत आणि फळपीक विम्याचे पैसे त्यांच्या आकड्यावर ठरतात. गावोगाव भांडण काय असतं? पाऊस माझ्या बागेत पडला, केंद्र तिकडे आठ किलोमीटरवर, तिथं पडला नाही, आता माझं नुकसान कागदावर झालंच नाही. मोजणारं यंत्र कुठं आहे, चालू आहे का, त्याच्यावर झाडाची सावली पडते का, हे सगळं आमच्या बागायतदारांना तोंडपाठ आहे, कारण त्यात पैसा आहे. मग हीच माणसं वादळाच्या बाबतीत "सॅटेलाइट बेकार" किंवा "सॅटेलाइटला सगळं दिसतं" एवढ्यावर का थांबतात? मंडळातलं यंत्र बंद पडलं तर आपण तहसीलवर जातो. समुद्रातल्या बोया पण बंद पडतात, जाळ्यात अडकतात, कोणी त्यावरचं सामान काढून नेतं, आणि दुरुस्तीला भर समुद्रात जहाज पाठवावं लागतं. ऑक्टोबर छाटणीच्या आधी खासदार एखाद्या मेळाव्यात येतातच, तेव्हा मागण्यांच्या कागदावर कांद्याच्या भावाखाली दोन ओळी वाढवा: अरबी समुद्रातल्या बोयांपैकी आज किती डेटा पाठवतायत, आणि वादळात जाणाऱ्या विमानाचं घोडं नेमकं कोणत्या टेबलावर अडलंय.